झाकलेलं, पण ताब्यातलं: परवानाधारकांचे प्रश्न

मागच्या अंकात शस्त्रपरवान्याच्या अर्जाविषयी लिहिलं होतं. त्यावर आलेली बहुतेक पत्रं अर्जाबद्दल नव्हतीच. परवाना मिळाला, हत्यार घरी आलं, आता ते मुंबईसारख्या शहरात रोज बरोबर बाळगायचं कसं, हेच सगळ्यांना विचारायचं होतं. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. लिहिणाऱ्यांची नावं अर्थातच छापलेली नाहीत. कोणाकडे हत्यार आहे हे शेजाऱ्यालाही कळू नये, असंच आमचं मत आहे.

प्रश्न : रिव्हॉल्व्हर चामड्याच्या पाकिटात घालून पट्ट्याला, शर्टावरून लावलं तर चालेल का? आमच्या गावाकडे लग्नाकार्यात सगळे असंच लावून फिरतात. (बांधकाम व्यावसायिक, मुलुंड)

चालणार नाही. गावाकडेही चालत नाही, फक्त तिथे कोणी हटकत नाही. शस्त्र नियम २०१६ मधला नियम ३२ सार्वजनिक ठिकाणी शस्त्र कसं न्यायचं ते सांगतो. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर अंगावर बांधलेल्या होल्स्टरमध्ये (हत्यारासाठीच बनवलेल्या पाकिटात), नाहीतर पाठीवरच्या बॅगेसारख्या पिशवीत हवं. ते पूर्ण झाकलेलं हवं. आणि बाळगणाऱ्याला त्याच्यावर नीट ताबा ठेवता आला पाहिजे. झाकलेलं आणि ताब्यात, या दोन्ही अटी एकाच वेळी पाळायच्या आहेत. बॅगेत झाकून ती बॅग हॉटेलच्या खुर्चीला अडकवली, तर पहिली अट पाळली आणि दुसरी मोडली.

परवान्याची अट मोडली तर शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून जास्त झोंबतं ते कलम १७, कारण त्याखाली परवानाच निलंबित किंवा रद्द होतो. लग्नाचा विषय काढलातच म्हणून सांगतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आनंदाच्या भरात बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणं हा स्वतंत्र गुन्हा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

परवाना मूळ स्वरूपात जवळ ठेवा. कलम १९ खाली पोलीस तो मागू शकतात, तेव्हा मोबाइलमधला फोटो दाखवून भागत नाही. पावसाळ्यात तो प्लास्टिकच्या पाकिटात हवा. आणि त्यावरचं ‘क्षेत्र’ आजच वाचा. फक्त बृहन्मुंबई लिहिलं असेल तर मुलुंडचा टोलनाका ओलांडून ठाण्यात शिरताच तुम्ही परवान्याबाहेर गेलात.

प्रश्न : उंची पाच फूट चार इंच, पोट सुटलेलं. कमरेला लावलं की शर्टावर उमटतं, बसलं की टोचतं. कुठे आणि कशात लावावं? (सराफ, दादर)

हा प्रश्न सर्वांत जास्त पत्रांत होता, तेव्हा सविस्तर.

जागा घड्याळाच्या भाषेत सांगतात. बेंबी म्हणजे बारा, उजवी कंबर म्हणजे तीन, मणका म्हणजे सहा. उजव्या हाताने काम करणाऱ्याला मुंबईच्या कपड्यांत सर्वांत निभणारी जागा साडेतीन ते चारची, म्हणजे कमरेच्या हाडाच्या किंचित मागे. तिथे शरीराला नैसर्गिक खळगा असतो, मूठ त्यात बसते. पोट सुटलेलं असेल तर बारा-एकच्या जागेचा नाद सोडा. बसताना नळी जांघेत रुतते आणि दर पाच मिनिटांनी हात तिकडे जातो. पाहणाऱ्याला हत्यार दिसत नाही, पण सारखा चाचपणारा हात दिसतो. सहाची, मणक्यावरची जागा सिनेमात शोभते. प्रत्यक्षात पाठीवर आपटलात तर लोखंड थेट मणक्यात, आणि वाकलात की शर्ट तिथूनच आधी वर जातो.

उमटते ती मूठ, नळी नव्हे. म्हणून नळी लहान असण्यापेक्षा मूठ शरीराकडे झुकलेली असणं महत्त्वाचं. पॅन्टच्या आत जाणारं होल्स्टर घ्या, त्याची क्लिप पट्ट्यावर बसते. लावल्यावर मूठ बाहेर झुकत असेल तर दोष बहुधा पट्ट्याचा असतो. ऑफिसचा पातळ पट्टा सुमारे सातशे ग्रॅमचं रिव्हॉल्व्हर पेलत नाही; तो पिळवटतो आणि मूठ फासळ्यांपासून सुटते. दीड इंच रुंद, दुपदरी शिवलेला, आडवा धरला तर लोंबणार नाही असा पट्टा घ्या. पॅन्ट कमरेला नेहमीपेक्षा दोन इंच सैल शिवून घ्या. कारण शिंप्याला सांगायची गरज नाही, जेवण वाढलंय म्हणा.

होल्स्टर विकत घेताना तीन गोष्टी तपासा. चापाभोवतीची कडी पूर्ण झाकली जाते का, बाहेरून बोट दाबून चाप हलतो का. रिकामं हत्यार आत घालून होल्स्टर पलंगावर उलटं धरा, ते घसरून पडतं का. आणि हत्यार काढल्यावर होल्स्टरचं तोंड उघडं राहतं का, की दबून मिटतं. मिटणारं तोंड धोक्याचं, कारण हत्यार परत घालताना दुसऱ्या हाताची बोटं नळीसमोर येतात. बाजारात मिळणारी कापडी, इलॅस्टिकची, सर्व मापांची पाकिटं बहुधा तिन्ही कसोट्यांवर नापास होतात.

वर बुशशर्ट, बाहेर काढलेला, खिशापर्यंत नव्हे तर पॅन्टच्या चेनच्या टोकापर्यंत लांब. चौकडी किंवा बारीक नक्षी फुगवटा लपवते. पांढरा टेरिकॉट घामाने चिकटला की सगळं उघडं. कुर्ता लांब असला तरी त्याची बाजूची चीर नेमकी कमरेपाशी उघडते. चीर चार बोटं खाली घ्यायला सांगा. घामाचं म्हणाल तर आत बनियन हवाच, तोही होल्स्टरच्या वरपर्यंत. मूठ आणि त्वचा यांच्यात कापड नसेल तर मे महिन्यात आठवड्याभरात पुरळ उठतं आणि मुठीच्या स्क्रूंवर गंज चढतो.

स्कूटरवर वाऱ्याने शर्ट फुग्यासारखा वर जातो. शर्टाचं खालचं बटण लावा किंवा वरून बंद जाकीट घाला. गाडीत सीटबेल्टचं बक्कल उजवीकडच्या चालकाला डाव्या कमरेपाशी येतं, ते आड येत नाही. पण पट्टा सोडून तो मागे जाताना शर्टाची कड बरोबर ओढतो. उतरण्यापूर्वी शर्ट खाली करा, दार उघडल्यावर नव्हे.

प्रश्न : सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर पूर्ण भरून बाळगावं का? मित्र म्हणतो पाचच भराव्यात. (डोंबिवली)

मित्राचं ऐकायचं की नाही ते हत्याराच्या आतल्या एका पट्टीवर अवलंबून आहे. नव्या घडणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये चाप पूर्ण ओढल्याशिवाय घोडा (मागून काडतुसावर आपटणारा हातोडा) काडतुसापर्यंत पोहोचू नये म्हणून मध्ये सुरक्षापट्टी असते. जुन्यांत ती नसते, किंवा झिजलेली असते. पट्टी नसेल तर घोड्याचं टोक काडतुसाच्या टोपीला (बुडाच्या, ठिणगी देणाऱ्या भागाला) जवळजवळ टेकून बसतं आणि हत्यार फरशीवर घोड्याच्या बाजूने पडलं तर बार उडू शकतो. परवानाधारक गनस्मिथकडून उघडून पाहून घ्या. पट्टी नसेल, किंवा वडिलोपार्जित हत्यार असेल, तर पाच भरा आणि घोडा सिलिंडरच्या, म्हणजे काडतुसांच्या फिरत्या चकतीच्या, रिकाम्या घरावर ठेवा. बंद केल्यावर सिलिंडर आणि मागच्या भिंतीमधल्या फटीतून काडतुसांच्या पितळी कडा दिसतात; घोड्याखालच्या घरात कडा दिसता कामा नये. यात पहिला बार वाया जात नाही. चाप ओढताना सिलिंडर आधी एक घर फिरतं आणि मग घोडा पडतो.

पिस्तुलाच्या बाबतीत आमचं मत थोडं कडक आहे. महिन्यातून एकदाही सराव होत नसेल तर चेंबर (नळीमागचं, काडतूस उडतं ते घर) रिकामं ठेवा, मॅगझिन (मुठीत बसणारा काडतुसांचा डबा) भरलेलं असू द्या. स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) ओढायला लागणारा एक सेकंद हा तुमच्या घरातल्यांचा विमा समजा.

प्रश्न : .३२ चं पिस्तूल आणि .३२ चं रिव्हॉल्व्हर, दोन्ही आहेत. काडतुसं एकच चालतील ना?

नाही. आकडा एक, काडतुसं दोन. पिस्तुलाच्या काडतुसाची पुंगळी, म्हणजे पितळी नळकांडं, १७ मिलिमीटर, रिव्हॉल्व्हरच्या ‘लाँग’ची २३. पिस्तुलाचं काडतूस रिव्हॉल्व्हरच्या घरात सरकतं, म्हणूनच लोक फसतात. त्याच्या बुडाची कड पुरेशी रुंद नसते, ते नीट टेकत नाही. बार होईल न होईल, आणि झालाच तर पुंगळी फाटण्याची भीती. डबे वेगळ्या कप्प्यात ठेवा.

(नऊ मिलिमीटर का मिळत नाही, असं चार जणांनी विचारलं आहे. ते प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे सामान्य नागरिकाला बंदी असलेल्या मापात, येतं. सामान्य परवान्यावर पिस्तूल-रिव्हॉल्व्हर बहुधा .३२ किंवा .२२ चंच असतं.)

प्रश्न : लोकलने प्रवास करताना काय काळजी घ्यावी? (विरार)

सकाळच्या विरार फास्टमध्ये हत्यार नेऊ नये, हीच काळजी. ज्या गर्दीत स्वतःचा हात खिशापर्यंत नेता येत नाही, तिथे ‘ताबा’ हा शब्द निरर्थक आहे. कमरेला तीन माणसं टेकलेली असतात, त्यातल्या एकाला टणक काहीतरी लागतं आणि तो ओरडतो. जायचंच असेल तर गर्दी नसलेली वेळ, दरवाजापासून लांब, उजवी कंबर भिंतीकडे.

मेट्रोत तर प्रश्नच नाही. प्रवेशावर तपासणी असते आणि बंदुका-काडतुसं प्रतिबंधित वस्तूंत मोडतात. मॉल, मल्टिप्लेक्स, पंचतारांकित हॉटेल, न्यायालय, मंत्रालय, सगळीकडे हाच अनुभव येणार. रांगेत मशीन वाजल्यावर ‘माझ्याकडे लायसन्स आहे’ म्हणत शर्ट वर करणं हा सर्वांत वाईट मार्ग. गार्डला हत्यार आधी दिसतं, कागद नंतर. रांगेबाहेर उभं राहून, हात मोकळे आणि समोर ठेवून, हळू आवाजात सुरक्षा अधिकाऱ्याला सांगा. ते नाही म्हणाले तर परत फिरा. गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवून आत जाणं हा पर्याय नाही, आणि गाडी व्हॅलेला देणार असाल तर मुळीच नाही.

म्हणून घरातून निघतानाच दिवसाचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. झवेरी बाजारातून माल घेऊन थेट दुकान, तर न्या. मध्ये सिनेमा आहे, तर नेऊ नका.

प्रश्न : विचारायला संकोच वाटतो, पण बाहेर शौचालयात जावं लागलं तर हत्याराचं काय करायचं?

संकोच कसला, हत्यारं विसरण्याची पहिल्या क्रमांकाची जागा तीच. दाराच्या खुंटीला अडकवू नका. वरून हात घालून कोणीही उचलेल. फ्लशच्या टाकीवर ठेवू नका. ओल्या कडप्प्यावरून घसरतं आणि पडत्या हत्याराला पकडायला माणूस झडप घालतो, तेव्हा बोट नेमकं चापावर जातं. पडत असेल तर पडू द्या. सुरक्षापट्टीवाल्या हत्याराला पडण्यापेक्षा पकडण्याचा धोका जास्त.

पद्धत अशी: हत्यार होल्स्टरमधून काढायचंच नाही. कमोड असेल तर पट्टा सोडण्यापूर्वी एका हाताने मूठ धरा, पॅन्ट खाली करा, आणि पट्ट्याचं बक्कल गुडघ्यांच्या वर पुन्हा अडकवा. होल्स्टर पॅन्टच्या आतल्या बाजूला, दोन मांड्यांमध्ये, नजरेसमोर राहतं. शेजारच्या कप्प्यातून फटीखालून दिसत नाही. भारतीय बैठकीत हे जमत नाही. तिथे क्लिपचं होल्स्टर हत्यारासकट काढून शर्टाच्या आत, बनियनवर घट्ट बांधलेल्या कापडी कमरपट्ट्यात सरकवा. तसा पट्टा नसेल तर हत्यार घरी ठेवलेलं बरं. उठल्यावर आधी हात कमरेला, मग कडीला.

प्रश्न : मी साडी नेसते, दागिन्यांच्या प्रदर्शनांना जाते. पर्समध्ये ठेवलं तर? (पार्ले)

चालेल, पण साध्या पर्समध्ये नाही. स्वतंत्र, बाजूने उघडणारा, चेनचा कप्पा हवा. त्यात शिवलेलं किंवा वेल्क्रोने चिकटवलेलं ताठ होल्स्टर, आणि त्या कप्प्यात दुसरं काहीही नाही. लिपस्टिक नाही, किल्ली नाही, जपमाळ नाही. चापाच्या कडीत पेनाचं टोपण शिरून बार उडू शकतो. पर्स तिरकी गळ्यात घ्या, खांद्यावर नको. मोटरसायकलवरून पर्स हिसकणाऱ्याला तुम्ही पर्सबरोबर हत्यारही द्याल. पट्टा जाड, आत तार असलेला मिळतो.

पर्स खाली ठेवायची नाही, हा नियम सर्वांत आधी मोडतो तो हळदीकुंकवाला. कोणीतरी लहान मूल ‘मावशी, चॉकलेट?’ म्हणून चेन ओढतं. पर्स कोणाच्या घरी सोफ्यावर ठेवावी लागणार असेल त्या दिवशी हत्यार नेऊ नका. पंजाबी ड्रेसखाली कमरेला बांधायचा रुंद कापडी पट्टा हा पर्सपेक्षा चांगला पर्याय आहे. मात्र त्याच्या कप्प्यात चापावर ताठ कवच आहे का ते बघून घ्या.

प्रश्न : रात्री घरी आल्यावर रोज रिकामं करावं का? घरात दोन मुलं आहेत, जागा टू बीएचके. (गोरेगाव)

करा. पण रोज करायची गोष्ट एका ठरावीक जागी, ठरावीक क्रमाने करा. जागा अशी, जिथे चुकून बार झाला तर गोळी अडेल. मुंबईत हे अवघड आहे, चारही बाजूंना शेजारी. सर्वांत सोपी सोय म्हणजे कोरड्या रेतीने काठोकाठ भरलेली लोखंडी बादली, कपाटाखाली. नळी तिच्याकडे रोखूनच सगळं करायचं. टीव्ही बंद, फोन बाजूला, खोलीचं दार लावलेलं.

पिस्तूल असेल तर आधी मॅगझिन काढा, मग स्लाइड ओढा. हा क्रम उलटला की अपघात ठरलेला. स्लाइड आधी ओढली तर चेंबरमधलं काडतूस बाहेर पडतं, पण परत जाताना ती मॅगझिनमधलं पुढचं काडतूस आत ढकलते. मग मॅगझिन काढता, काडतूस बाहेर पडलेलं डोळ्यांनी पाहिलेलं असतं, आणि ‘रिकामं’ पिस्तूल भरलेलं राहतं. ‘रिकामं होतं’ म्हणत उडालेल्या बारांमागे बहुतेक हीच कथा असते. स्लाइड मागे अडकवून चेंबरमध्ये करंगळीचं टोक घाला. डोळा फसतो, बोट फसत नाही.

नळी मोडून उघडणाऱ्या रिव्हॉल्व्हरमध्ये वरची कडी सोडून ते एका दमात पूर्ण उघडा. अर्धवट, हळूहळू उघडलं तर काडतुसं उचलणारी चांदणी वर येऊन मध्येच खाली बसते, आणि एखाद्या काडतुसाची कड तिच्याखाली अडकते. मग ते ना निघत ना सिलिंडर बंद होत. सहाही काडतुसं टेबलावर उभी करा आणि मोजा. पाच भरली होती तर पाच.

रोज तेच वरचं काडतूस पिस्तुलात भरत-काढत असाल तर आणखी एक गोष्ट बिघडते. स्लाइडच्या धक्क्याने गोळी पुंगळीत किंचित आत दबत जाते. आतली जागा कमी झाली की बाराचा दाब वाढतो. दर पंधरवड्याला ते काडतूस डब्यातल्या नव्याशेजारी काचेवर उभं करून पाहा. बुटकं दिसलं तर वेगळं ठेवा, वापरू नका, विक्रेत्याकडे परत द्या. एरवीही वरच्याची जागा बदलत राहा.

हत्यार भिंतीला बोल्ट केलेल्या तिजोरीत, काडतुसं दुसऱ्या कुलपात. दोन्ही किल्ल्या देव्हाऱ्यामागे ठेवू नका; मुलांना ती जागा तुमच्याआधी माहीत असते.

प्रश्न : जमावबंदी, निवडणूक अशा वेळी परवाना असूनही बाळगता येत नाही का?

बरोबर. मुंबईत महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली शस्त्रं घेऊन फिरण्यास मनाई करणारे आदेश वारंवार निघतात. राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय असा आदेश पंधरा दिवसांपलीकडे चालत नाही, म्हणून तो संपतो आणि पुन्हा निघतो. सणासुदीच्या आधी पोलीस आयुक्तालयाचा आदेश वाचायची सवय लावा आणि त्यात परवानाधारकांना सूट आहे का ते शब्दशः बघा. ‘मला माहीत नव्हतं’ हे उत्तर घेतलं जात नाही.

निवडणुकीत वेगळी पद्धत. आचारसंहिता लागली की परवान्यांची छाननी होते आणि ज्यांना नोटीस येते त्यांनी हत्यार जमा करायचं. पावतीवर हत्याराचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या, दोन्ही लिहून घ्या. जमा करण्यापूर्वी तेलाचा हात फिरवा आणि होल्स्टर घरी ठेवा. दोन महिने पोत्यात पडलेलं हत्यार परत येतं तेव्हा त्याच्याकडे बघवत नाही.

थोडक्यात उत्तरं

*दादरहून डोंबिवलीला राहायला गेलो.* डोंबिवली ठाणे पोलीस आयुक्तालयात येते. हत्यारासह तीस दिवसांपेक्षा जास्त मुक्काम हलवला, तर बदलापासून तीस दिवसांत जुन्या आणि नव्या, दोन्ही परवाना अधिकाऱ्यांना लेखी कळवायचं.

*मी आजारी आहे, मुलगा हत्यार दुरुस्तीला नेऊ शकतो का?* तुमचं लेखी अधिकारपत्र बरोबर असेल तर दुरुस्ती किंवा परवान्याच्या नूतनीकरणासाठी नेऊ शकतो. दुकानातून परस्पर मित्राकडे नाही.

*वडील गेले, त्यांचं रिव्हॉल्व्हर कपाटात आहे.* त्यांचा परवाना त्यांच्याबरोबर संपला. उशीर न करता पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा, पावती घ्या, मग वारस म्हणून अर्ज करा. एका माणसाकडे दोनच हत्यारं, ही २०१९ नंतरची मर्यादा.

*दोन पेग घेतले तर?* त्या दिवशी हत्यार तिजोरीत.

*हरवलं.* आत्ता, हे वाचून होण्यापूर्वी, जवळच्या पोलीस ठाण्यात जा. मग परवाना अधिकाऱ्याला लेखी.

प्रश्न : नागपूरला विमानाने हत्यार न्यायचं आहे. (अंधेरी)

परवान्याचं क्षेत्र किमान महाराष्ट्र हवं. विमान कंपनीला आधी फोन करा, त्यांचं शुल्क आणि वेळ विचारा, आणि नेहमीपेक्षा तासभर लवकर पोहोचा. हत्यार घरीच रिकामं करा. विमानतळाच्या टॅक्सी थांब्यावर स्लाइड ओढणाऱ्याला काय वागणूक मिळेल ते सांगायला नको. चेक-इन काउंटरवर घोषणा करायची, परवाना दाखवायचा, हत्यार आणि काडतुसं वेगवेगळी बांधलेली. सामान्य प्रवाशाला पन्नासपर्यंत काडतुसं नेता येतात. मॅगझिनही रिकामं हवं. भरलेलं मॅगझिन म्हणजे काडतुसंच.

प्रवासाची बॅग आणि सरावाची बॅग एक ठेवू नका. अस्तराच्या शिवणीत शिरलेलं एक काडतूस एक्स-रेमध्ये लख्ख दिसतं. मग विमान जातं आणि तुम्ही पोलीस ठाण्यात जबाब देत बसता. निघण्यापूर्वी हँडबॅग उलटी करून झटका, प्रत्येक खिसा बाहेर काढा.

प्रश्न : पावसाळ्यात गंज थांबतच नाही. वरळीला समुद्रासमोर राहतो. काय चुकतंय?

बहुधा तीन गोष्टी. पहिली, हत्यार रात्री चामड्याच्या होल्स्टरमध्येच ठेवता. चामडं ओल धरतं, कमावताना वापरलेले क्षार त्यात राहतात, वर तुमचा घाम. काडतुसांच्या पितळेवर हिरवी बुरशीसारखी पूड दिसते ती यातूनच. होल्स्टर रात्री वेगळं, पंख्याखाली.

दुसरी, फवारायचं गंजनाशक तेल सढळ मारता. ते पाणी हटवायला चांगलं, पण पातळ असतं, चार दिवसांत उडून जातं आणि खाली चिकट थर उरतो. त्याहून वाईट म्हणजे ते झिरपतं. काडतुसाच्या टोपीच्या कडेने आत गेलं की ऐन वेळी नुसता ‘टक’ आवाज. काडतुसांना तेल कधीच नाही, कोरड्या सुती फडक्याने पुसायचं.

तिसरी, नुसतं बाहेरून पुसता. घाम मुठीच्या लाकडाखाली शिरतो. जून ते सप्टेंबर, पंधरवड्यातून एकदा मुठीचे स्क्रू काढा, आतली चौकट पुसा, बंदुकीच्या तेलाचे दोन थेंब फडक्यावर घेऊन फिरवा. थेंब फडक्यावर, हत्यारावर नाही. नळीतून आधी कोरडी चिंधी, मग तेलाची, आणि बाळगण्यापूर्वी पुन्हा कोरडी. लाल ठिपका दिसलाच तर पॉलिश पेपर घेऊ नका, काळा मुलामा जाईल आणि तिथे पुन्हा गंज धरेल. तेलात भिजवलेली चिंधी ठिपक्यावर रात्रभर ठेवा, सकाळी जाड कापडाने घासा.

तिजोरीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवता ते ठीक. पण रंग बदलणारे दाणे घ्या, म्हणजे ओल भरल्याचं कळतं. रंग बदलला की मंद आचेवर तव्यात फिरवून कोरडे करून घ्या. तो तवा नंतर भाकरीला वापरू नका.

प्रश्न : माझं .३२ चं पिस्तूल सरावाच्या वेळी मध्येच अडकतं. मॅगझिनमधलं काडतूस वर येतच नाही, बोटाने ढकलूनही हलत नाही. स्प्रिंग बदलली, तरी तेच.

स्प्रिंगचा दोष नाही. या काडतुसाच्या बुडाला किंचित बाहेर आलेली कड असते. मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या पुढे असायला हवी. ती मागे गेली की दोन्ही कडा एकमेकींत गुंततात, आणि स्लाइड कितीही जोरात आली तरी वरचं काडतूस खालच्याला ओढत बसतं. भरताना प्रत्येक काडतूस आधीच्याच्या पुढच्या भागावर दाबून मग मागे सरकवा, आणि भरून झाल्यावर मॅगझिनची पाठ तळहातावर दोनदा हलकी आपटा. पोकळ टोकाची काडतुसं थोडी आखूड असतात, त्यांना मॅगझिनमध्ये पुढे-मागे हलायला जागा मिळते, म्हणून त्यांच्यात हे जास्त होतं. तीच वापरत असाल तर गोल टोकाची वापरून बघा.

अडकल्यावर स्लाइड जोराजोराने ओढू नका, गुंता घट्ट होतो. नळी सुरक्षित दिशेला, मॅगझिन बाहेर, चेंबर तपासून रिकामं. मग मॅगझिन हातात घेऊन वरचं काडतूस बुडाकडून पातळ पेचकसाने अलगद उचला. टोपीला पेचकसाचं टोक लागू देऊ नका.